गोल्फ मैदान: घळ किती वेळा ओलांडायला लावावी?

प्रश्न: तापीकाठच्या आमच्या घळींच्या जमिनीवर नऊ होलचे (होल म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा एक टप्पा) गोल्फ मैदान करायचे आहे. रचनाकार प्रत्येक होलवर घळ ओलांडायला लावतात. भागीदारांच्या मते असे मैदान चालणार नाही. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, चोपडा

उत्तर: धाडस हवेच, पण ते प्रत्येक होलवर नको. फ्लोरिडातील सॉग्रास येथे १९८० मध्ये खुल्या झालेल्या मैदानावर रचनाकार पीट डाय यांनी सतराव्या होलची हिरवळ, म्हणजे खळग्याभोवतीचा गुळगुळीत गवताचा भाग, पाण्यात बेटासारखी ठेवली. अंतर जेमतेम १३७ यार्ड, तरीही भल्याभल्यांचे हात कापतात, आणि त्याच होलसाठी लोक मुद्दाम येतात. मात्र तिथल्या इतर हिरवळींचे चढउतार व्यावसायिक खेळाडूंनाही जाचक वाटले, तेव्हा डाय यांनी ते सौम्य केले.

आपणही एका, फार तर दोन होलांवर घळ ओलांडणे सक्तीचे ठेवावे. इतरत्र ती बाजूने जाऊ द्यावी, म्हणजे कसलेला खेळाडू काठालगतची जवळची वाट धरील आणि नवखा, एक फटका जास्त खर्चून का होईना, रुंद बाजूने सुखरूप पोहोचेल. हे काठ पावसाळ्यात ढासळतात, म्हणून हिरवळी आत घ्याव्यात. भागीदारांपुढे उन्हाळ्यातील पाण्याचा हिशेबही आधीच मांडावा, कारण केळीचे ठिबकवर भागते, तसे मैदानाच्या गवताचे भागत नाही; त्याला तुषार सिंचनच लागते.