अरब आणि ज्यू यांचं वैर खरंच हजारो वर्षांचं आहे का? सुरुवात नेमकी कुठून झाली?

नाही हो, हजारो वर्षांचं अजिबात नाही. "इब्राहिमाच्या दोन मुलांपासून चालत आलंय" (एकाचे वंशज अरब, दुसऱ्याचे ज्यू) असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण मग वाटतं की हे असंच राहणार, कुणाचीच काही चूक नाही. हे भांडण साधारण १४० वर्षांचं आहे आणि मुळात जमिनीचं आहे.

त्याआधी सगळं गोडीगुलाबीत होतं असंही नाही. मुस्लिम राज्यांत ज्यूंना जिझिया (बिगर-मुस्लिमांवरचा कर) भरावा लागायचा, दर्जा दुय्यम, १०६६ साली ग्रानाडात (आजच्या स्पेनमध्ये) ज्यूंची मोठी कत्तल झाली. पण युरोपच्या मानाने दिवस पुष्कळ बरे होते. १४९२ ला स्पेनने ज्यूंना हाकललं तेव्हा त्यातल्या कितीतरी लोकांना तुर्की सुलतानाने आसरा दिला. मी पुण्याचा, लाल देवळावरून (ते ज्यूंचं प्रार्थनास्थळ) रोज कॉलेजला जायचो, ते बांधणारे डेव्हिड ससून मूळचे बगदादचे, आणि बगदादच्या ज्यूंची घरातली भाषा अरबीच होती.

आता मूळ मुद्दा. १८८१ नंतर रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले, तिथून जीव वाचवून काही लोक पॅलेस्टाईनला आले, तेव्हा तिथे तुर्कांचं राज्य होतं. तुर्कांनी १८५८ ला जमिनीचा कायदा करून नोंदणी सुरू केली, पण गरीब शेतकरी कर आणि सैन्यभरतीच्या भीतीने स्वतःचं नाव लावायलाच गेला नाही, मग नावं लागली बैरूत-दमास्कसच्या सावकारांची, व्यापाऱ्यांची. आपल्याकडे कसं, कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचंच, अगदी तस्संच. बैरूतच्या सुरसोक घराण्याने १९२० च्या दशकात इझ्रीलच्या खोऱ्यातली प्रचंड जमीन ज्यू संस्थांना विकली. पूर्वी मालक बदलला तरी कुळं तिथेच राहायची, या वेळी त्यांना उठवलं, कारण नव्या वसाहतीत शेतावर राबणाराही ज्यूच हवा होता. विकत घेणाऱ्याकडे पक्के कागद होते, आणि ज्याची शेती गेली त्याने कुणालाच काही विकलं नव्हतं. मला विचाराल तर मूळ दुखणं इथेच आहे. १८८६ सालीच पेताह तिकवा या ज्यू वसाहतीवर शेजारच्या गावकऱ्यांनी हल्ला केला होता, भांडण जमिनीचं आणि गुरं चारण्याचं.

१८९९ मध्ये जेरुसलेमचे माजी महापौर युसुफ झिया अल-खालिदी यांनी एक पत्र लिहिलं जे ज्यूंच्या स्वतंत्र राज्यासाठी चळवळ चालवणाऱ्या हर्झलपर्यंत पोचलं, त्यात ते ज्यूंचा या भूमीशी असलेला जुना संबंध मान्य करतात आणि तरीही विनवतात की इथे आधीच लोक राहताहेत, देवासाठी पॅलेस्टाईनला सोडा. इतक्या लवकर इतकं स्पष्ट कुणीतरी सांगितलं होतं!

मग ब्रिटिश आले. १९१५-१६ ला अरबांना स्वतंत्र राज्याचं आश्वासन, १९१७ ला बाल्फोर जाहीरनाम्यात (ब्रिटिश सरकारचं जाहीर पत्र) ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये "राष्ट्रीय घर", आणि मधल्या काळात फ्रान्सबरोबर त्या प्रदेशाची गुपचूप वाटणी. तेव्हा तिथले साधारण ९० टक्के लोक अरब होते आणि त्या जाहीरनाम्यात त्यांचा उल्लेख फक्त "बिगर-ज्यू" म्हणून.

१९२९ ला पॅलेस्टाईनमधल्या हेब्रॉन शहरात अरब जमावाने ६७ ज्यू मारले, त्यातल्या कित्येकांची घराणी तिथे पिढ्यानपिढ्या नांदत होती. त्याच दिवशी काही अरब कुटुंबांनी शेजारच्या ज्यूंना आपल्या घरात लपवून वाचवलं, हे सुद्धा सांगितलं पाहिजे. पुढे १९३६ चा ब्रिटिशांविरुद्धचा अरब उठाव, हिटलर, लाखो ज्यूंना बहुतेक देश दारात उभं करेनात, १९४७ चा पॅलेस्टाईनच्या फाळणीचा संयुक्त राष्ट्रांचा ठराव (भारताने विरोधात मत दिलं), आणि मग १९४८ ला इस्रायलची स्थापना आणि युद्ध. साधारण ७ लाख पॅलेस्टिनी बेघर झाले, कित्येकांनी घराला कुलूप लावून किल्ली बरोबर नेली, आठवड्याभरात परतू म्हणून, त्या किल्ल्या आजही नातवंडांनी जपून ठेवल्यात.

आणि दुसरी बाजू, इराकमध्ये १९४१ ला ज्यूंवर दंगल झालीच होती, १९५०-५१ ला तिथले १ लाखाहून जास्त ज्यू देश सोडून विमानाने इस्रायलला गेले, मागे राहिलेली त्यांची मालमत्ता सरकारने गोठवली. तिकडे पोचल्यावर त्यातल्या बहुतेकांना आधी तंबूंच्या छावणीत ठेवलं, आणि तंबूत ती माणसं आपसात बोलत होती ती बगदादी अरबीच.