परदेशात जन्मलेली नात 'प्रवासी भारतीय' की 'मूळची भारतीय'?

प्रश्न इंदूरहून आला आहे. मुलगी-जावई न्यू जर्सीत, दोघांकडे ग्रीन कार्ड. नात तिकडेच जन्मली, आता अकरा वर्षांची आहे. गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात ती कविता म्हणणार आहे आणि कार्यक्रमपत्रिकेत तिच्या नावाखाली एका ओळीचा परिचय द्यायचा आहे. कच्च्या प्रतीत 'प्रवासी भारतीय बालिका' असे छापून आले. कुणी 'अनिवासी भारतीय' सुचवले, कुणी 'मूळची भारतीय'. आजी विचारतात, यातले बरोबर काय?

'प्रवासी' आधी काढा. इंदुरात हा शब्द चटकन सुचणार, कारण रोजचे वर्तमानपत्र हिंदी, आणि जानेवारी 2023 मधले प्रवासी भारतीय दिवसाचे संमेलनही इंदुरातच भरले होते. संस्कृतात 'प्र + वस्' म्हणजे घर सोडून दूर राहणे. हिंदीने त्यातले राहणे धरून ठेवले, मराठीने जाणे. म्हणून हिंदीतला प्रवासी परमुलखात वस्ती करून असतो आणि आपला प्रवासी गाडीत बसलेला असतो. गाडीतल्या माणसाला हिंदी यात्री म्हणते. मराठीत यात्रा म्हटले की पंढरपूर नाहीतर जेजुरी डोळ्यांपुढे येते. मराठी पत्रिकेत 'प्रवासी भारतीय बालिका' वाचणाऱ्याला ही मुलगी भारतभर फिरते आहे असे वाटेल.

'अनिवासी भारतीय' हा आयकर आणि बँकेच्या कागदांवरचा शब्द. वर्षातले किती दिवस भारतात काढले, यावर 'निवासी' की 'अनिवासी' ते ठरते. 182 दिवसांची अट बहुतेकांना ठाऊक असते. पण अनिवासी 'भारतीय' व्हायला मुळात भारताचे नागरिकत्व लागते. मुलगी-जावई भारतीय पारपत्रावर असतील तर ते अनिवासी भारतीय. नात नाही. अमेरिकेच्या 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने ती जन्मतःच अमेरिकेची नागरिक झाली, आणि आपला कायदा दोन देशांचे नागरिकत्व एकाच वेळी ठेवू देत नाही. तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) असेल तर त्यालाही 'दुहेरी नागरिकत्व' म्हणू नये. ही चूक छापील मजकुरात सारखी दिसते. त्या कार्डावर व्हिसाशिवाय येता-राहता येते. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

'स्थलांतरित' कुणी सुचवला नाही, पण हा शब्द बातम्यांत फार चुकतो. स्थलांतर ज्याने केले तो स्थलांतरित. या मुलीने केलेच नाही. ती जिथे जन्मली तिथेच वाढते आहे. 'दुसऱ्या पिढीतील स्थलांतरित' हा प्रयोग त्यामुळे आतूनच मोडतो. 'स्थलांतरितांची दुसरी पिढी' म्हणा: षष्ठी लावली की स्थलांतर आई-वडिलांकडे राहते, मुलांच्या अंगाला चिकटत नाही. कल्पना चावला कर्नालच्या, पुढे अमेरिकेच्या नागरिक झाल्या, त्या स्थलांतरित. सुनीता विल्यम्स ओहायोत जन्मल्या, वडील गुजरातचे. त्या स्थलांतरिताची मुलगी. आपल्या बातम्या दोघींना सरसकट 'भारतीय वंशाच्या' म्हणतात. ते चूक नाही, पण त्यात फक्त रक्ताचे नाते कळते. कोण कुठून कुठे गेले ते कळत नाही.

आता 'मूळची'. माझ्या मते सगळा घोळ इथेच आहे. मराठीत 'मूळ गाव' घराण्याचे असते आणि 'मूळचा' हा माणूस असतो. लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले, तेव्हा 'मूळचे वराडचे' असे सहज म्हटले गेले. मालवण तालुक्यातले वराड हे त्यांच्या वडिलांच्या घराण्याचे मूळ गाव. ते स्वतः 1979 साली डब्लिनमध्ये जन्मले, म्हणजे मूळचे डब्लिनचेच. आडनावातला 'कर' गाव सांगतो, माणसाचा पत्ता सांगत नाही. इंदूरकरांना हे समजावून सांगायला नको. होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे, पण म्हणून अहिल्याबाईंच्या माळव्यात त्यांना कुणी बाहेरचे म्हणत नाही. 'स्थ' प्रत्ययाचेही तेच. त्याचा अर्थ 'तिथे असलेला'. तरी पिढ्यान्‌पिढ्या इंदुरात राहिलेले कोकणस्थ कोकणस्थच राहतात, कारण तिथे राहण्याचा शब्द कुळाचा झाला. 'परदेशस्थ' मात्र अजून खरोखर राहण्याचाच शब्द आहे. तो मुलगी-जावयांना चालेल. नातीला लावला तर तिच्या घरालाच परदेश म्हटल्यासारखे होईल.

'जन्माने भारतीय' हेही टाळा. मराठीत 'जन्माने' कधी जन्मस्थळ दाखवतो, कधी कूळ, आणि वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. 'न्यू जर्सीत जन्मलेली' म्हटले की शंका उरत नाही.

आणि एक शब्द तुमच्या घरात आधीच आहे, तो कुणालाच कसा सुचला नाही याचे नवल वाटते: आजोळ. मुलीची मुलगी आहे, तेव्हा इंदूर तिचे आजोळ. ना पारपत्राचा प्रश्न, ना वंशाचा. तिचा इंदुरावर हक्कही त्यात येतो आणि न्यू जर्सीही हिरावली जात नाही. (मुलाची मुलगी असती तर 'आजी-आजोबा इंदूरचे' असे लिहावे लागले असते.)

पत्रिकेत असे छापा: 'जन्म व वास्तव्य न्यू जर्सी, अमेरिका, आजोळ इंदूर.' कार्यक्रमाच्या हेतूसाठी 'घरी मराठी बोलते' हे जोडले तर उत्तमच, कारण कविता ऐकणाऱ्यांना हवी असलेली माहिती तीच.

सूत्रसंचालकांनाही आधी सांगून ठेवा. उत्साहाच्या भरात 'मायदेशी परतलेली आपली चिमुकली' असे तोंडातून जाते. मायदेशी तिची आई परतली. ती आजोळी आली आहे.