जुन्या स्पोर्ट्स कारचे दोन्ही कॅटलिटिक कन्व्हर्टर बदलायचे आहेत, काय काळजी घ्यावी?

तुमची व्ही-सिक्स (तीन-तीन सिलिंडरच्या दोन बाजू असलेलं इंजिन) पंचवीस वर्षांची आहे, पी०४२० आणि पी०४३० हे दोन बाजूंच्या कन्व्हर्टरचे एरर कोड पुसले तरी परत येतात, आणि ४,००० आरपीएमच्या वर गाडी दम सोडते. ही लक्षणं दोन वेगळ्या दुखण्यांची आहेत. कोडचा अर्थ एवढाच की कन्व्हर्टर धूर नीट साफ करत नाही. त्याने पिकअप जात नाही. पिकअप जातो तो आतली जाळी वितळून किंवा तुटून वाट अडली की.

म्हणून नवे भाग मागवण्याआधी जुने कशाने मेले ते शोधा. कन्व्हर्टर सहसा आपणहून मरत नाही, इंजिन त्याला मारतं. मिसफायर झाला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटलंच नाही, की न जळलेलं पेट्रोल जाळीत जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिक वितळते. इंजिन ऑइल खात असेल तर त्यातल्या फॉस्फरस आणि जस्ताचा थर जाळीवरच्या प्लॅटिनम, पॅलॅडियम, रोडियम या धूर साफ करणाऱ्या धातूंवर बसतो. हेड गॅस्केटमधून कूलंट गळत असेल तरी तेच. एक इग्निशन कॉइल (ठिणगी देणारी) खराब असेल तर बहुतेक एकच बाजू जाते. तुमच्या दोन्ही बाजू एकदम गेल्यात, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारं कारण आधी बघा: मिश्रण रिच चालणं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), ऑइल जळणं, किंवा निव्वळ वय. स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलच्या प्रमाणात सतत करत असलेली दुरुस्ती) दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल तर आधी ते दुरुस्त करा. माझ्या मते या कामातला हाच सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. तो टाळलात तर नवी जोडीही त्याच वाटेने जाईल.

काही गाड्यांत तर कन्व्हर्टरमुळे इंजिनच जातं. टोयोटा एमआर-टूच्या तिसऱ्या पिढीतले सुरुवातीचे प्री-कॅट (इंजिनालगतचे छोटे कन्व्हर्टर) भुगा होतात आणि तो भुगा उलट सिलिंडरमध्ये ओढला जातो. माझदा आरएक्स-८ मध्ये कॉइल कमजोर झाल्या की कन्व्हर्टर तुंबतो आणि अडकलेली उष्णता त्याच्या रोटरी इंजिनातल्या रोटरच्या सीलना मारते. अशी गाडी असेल तर ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणू नका.

वाट तुंबली आहे का, हे पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून कळतं. आयडलला दीड पीएसआयपेक्षा कमी आणि २,५०० आरपीएमला तीनच्या आत असायला हवं. त्याच भोकातून बोअर कॅमेरा घाला. चांगली जाळी एकसारख्या चौकोनांची दिसते. वितळलेली मेणासारखी ओघळून चकाकते. काळीकुट्ट काजळी असेल तर मिश्रण रिच. बाहेरून रबरी हातोडीने हलकेच ठोकून बघा, आत खडखडलं तर वीट, म्हणजे जाळीचा ठोकळा, सुटली आहे. आणि एक्झॉस्टची गळती आधी बंद करा. सेन्सरजवळच्या गळतीतून बाहेरची हवा आत ओढली गेली तर धडधाकट कन्व्हर्टरवरही खोटा आळ येतो.

भाग घेताना तुमच्याच मॉडेलचा, थेट बसणारा घ्या. कापून वेल्ड करायचा युनिव्हर्सल प्रकार स्वस्त पडतो, पण त्यात मौल्यवान धातू बऱ्याचदा कमी असतो आणि काही महिन्यांत तोच कोड परत येतो. दर चौरस इंचाला २०० छिद्रांची स्पोर्ट्स जाळी मूळच्या ४०० वाल्यापेक्षा मोकळी असते, पण रस्त्यावरच्या गाडीला तिचा फायदा थोडा आणि कोडची कटकट जास्त. कन्व्हर्टर काढून सरळ पाइप टाकणं अनेक देशांत बेकायदा आहे. मीही तो सल्ला देणार नाही.

काढताना खरी परीक्षा स्टडची, म्हणजे इंजिनाच्या हेडमध्ये घट्ट बसवलेल्या आटेदार खिळ्यांची, असते. आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा. गाडी जॅक स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही, आणि बॅटरीची निगेटिव्ह काढा. नट आधी किंचित आवळा, मग सोडवा, पाव आटा पुढे-मागे करत. कर्कश आवाज आला की थांबा, पुन्हा ऑइल द्या. तरी हलला नाही तर फक्त नट लाल होईपर्यंत तापवा, पण आधी ऑइल पुसा आणि जवळ पेट्रोलची लाइन नाही ना ते बघा. मागच्या फ्लँजचे (पाइप जोडणाऱ्या चकतीचे) आरपार बोल्ट वाचवत बसू नका, ग्राइंडरने कापा. जपायचे ते हेडमधले स्टड. तिथे स्टड तुटून थोडा बाहेर उरला असेल तर त्यावर नवा नट वेल्ड करा. वेल्डच्या उष्णतेने तो बहुतेक वेळा सुटतो. हेडच्या सपाटीला तुटला तर बरोबर मध्यावर पंच मारूनच ड्रिल करा, नाहीतर बिट मऊ ॲल्युमिनियमकडे सरकतो आणि भोक वाकडं होतं.

ऑक्सिजन सेन्सरला खाच असलेला २२ मिमीचा सॉकेट लागतो. एक्झॉस्ट कोमट असताना तो सहज निघतो. आटे बहुधा एम१८ × १.५ असतात, ते साफ करा आणि ४० ते ५० न्यूटन-मीटरला आवळा, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांवर, सेन्सरच्या टोकाला अजिबात नाही. नव्या सेन्सरवर ते बऱ्याचदा आधीच लावलेलं असतं. सेन्सर वायरवर लोंबकळत ठेवू नका. फ्लँजला साधं सिलिकॉन सीलंट लावू नका, त्याची वाफ सेन्सरला मारते.

बसवताना बाण धुराच्या दिशेने ठेवा. गॅस्केट आणि नट सगळे नवे घ्या. आधी सगळं हाताने सैल जोडा, हँगर लावा, पाइप बॉडीला कुठे टेकत नाही ना ते बघा, आणि मग पुढून मागे आवळत या. आधीच एक टोक घट्ट केलं तर ताण फ्लेक्स पाइपवर येतो आणि तो फाटतो. उष्णता अडवणारा पत्रा परत लावाच. त्याच्याशिवाय खालचं सुकं गवतही पेटू शकतं.

पहिल्यांदा चालू केल्यावर थोडा धूर आणि वास येईल, ते जाळीभोवतीच्या मॅटचं (जाळी पकडून ठेवणाऱ्या अस्तराचं) आहे, काही मिनिटांत जातं. थंड इंजिनवरच प्रत्येक जोडाशी कान लावा, कारण गरम झाल्यावर धातू फुगून बारीक गळती लपते. दोन-तीनदा गाडी तापून थंड झाली की नट पुन्हा तपासा. कोड एकदाच पुसा. परत परत पुसलात तर गाडीची स्वतःची तपासणी दर वेळी पहिल्यापासून सुरू होते. मग शहरात आणि मोकळ्या रस्त्यावर मिळून काही दिवस चालवा आणि स्कॅनरवर मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या, सेन्सरचा आलेख बघा. जुन्या गाड्यांतला हा सेन्सर ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास शांत राहिला तर कन्व्हर्टर काम करतोय. पुढच्या सेन्सरसारखाच ०.१ ते ०.९ असा नाचायला लागला तर आधी गळती तपासा, नव्या भागाला दोष त्यानंतर.