टॉवेल थेट विकायचा का व्यापाऱ्यामार्फत, हे नेमकं ठरवतं कोण?

तुमचा प्रश्न असा आहे की एकमेकींच्या स्पर्धेतल्या दोन कंपन्यांपैकी एक डीलरमार्फत विकते, दुसरी थेट गिऱ्हाइकाला विकते, तर हे कशावरून ठरतं आणि यात ‘ताकद’ म्हणजे काय. प्रोजेक्टसाठी विचारलंय असं दिसतंय. मी काही प्राध्यापक नाही. सोलापुरात मामांचा यंत्रमागाचा कारखाना आहे, टर्किश टॉवेल काढतो, तिथला हिशोब आणि पार्ट्यांचे फोन माझ्याकडं असतात, एमकॉम करताना यातलं थोडं वाचलं होतं तेवढंच.

पुस्तकात ‘उत्पादक चॅनेल (म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत न्यायचा रस्ता) निवडतो’ असं लिहिलेलं असतं. आमच्याकडं निवडतो तो, ज्याला थांबायला परवडतं. म्हणजे बघा, सूत घ्यायचं रोखीनं नाहीतर आठ-दहा दिवसांच्या बोलीवर, कामगारांचा पगार आठवड्याला, लाइटबिल महिन्याला, आणि व्यापारी पैसे देणार नव्वद दिवसांनी, तेही मागं लागल्यावर, दिवाळी मधे आली की दिवाळीनंतर. तीन महिन्यांचं भांडवल आम्ही त्याला बिनव्याजी दिलेलं असतं आणि त्याच जोरावर तो पुढच्या लॉटचा रेट पाडून मागतो. माल उचलला नाही तर त्याचं काय जात नाही, आमचे मात्र माग बंद पडतात. ताकद म्हणजे एवढंच, बाकी सगळे जड शब्द.

आता एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या उत्पादक-विक्रेत्यांच्या साखळ्यांकडं येतो. आमची खरी मारामारी पानिपतशी आहे. तिकडं स्वस्त माल निघतो, काही तर सोलापुरी चादर म्हणूनच विकला जातो, इथल्या चादरीला आणि टॉवेलला जीआय टॅग (ते नाव इथल्याच मालाला लावता येतं असं मानांकन) असूनसुद्धा. दुकानात गिऱ्हाईक हात लावून बघतं, दोन्ही सारखेच वाटतात, मग जो दहा रुपयांनी कमी तो जातो.

यावर १९८३ चा मॅकग्वायर आणि स्टेलिन यांचा एक गाजलेला पेपर आहे, तुमच्या प्रोजेक्टला तो लागेलच. त्यांनी गणितानं दाखवलं की दोन्ही उत्पादकांचा माल जवळजवळ सारखा असेल तर मधे विक्रेता ठेवणं दोघांनाही फायद्याचं पडतं, आणि माल पुरेसा वेगळा असेल तर थेट विकणं बरं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं, कारण मधला माणूस म्हणजे मार्जिन खाणारा असंच आपण लहानपणापासून ऐकतो. पण विचार करा, मी थेट विकतोय आणि पानिपतवालाही थेट विकतोय, मी पाच रुपये उतरलो की तो पाच उतरणार, मी अजून तीन, तो अजून तीन, शेवटी दोघं सुताच्या भावाला येऊन टेकणार. मधे विक्रेते असले तर ही मारामारी त्यांच्यात होते आणि कारखान्याचा रेट त्या मानानं टिकतो.

पण त्यात एक अट आहे आणि ती लोक विसरतात. त्या हिशोबात प्रत्येक उत्पादकाचा विक्रेता वेगळा धरलाय. आमच्या इथल्या कापड बाजारात, चाटी गल्लीत काय किंवा मुंबईत काय, एकाच दुकानात एकाच फळीवर दोघांचा माल असतो. ज्याच्या फळीवर दोघं आहेत तो दोघांनाही नाचवतो, मला म्हणणार पानिपतवाला इतक्यात देतोय, आणि त्याला माझं नाव सांगणार, पक्कं.

लॉकडाऊननंतर आम्ही पण ऑनलाइन विकून बघितलं. साइटचं कमिशन, वजनावर कुरिअर (टॉवेल म्हणजे जड माल, डझनभर टॉवेलचं पार्सल म्हणजे गठ्ठाच होतो ओ), आणि रिटर्न. एका बाईंनी चार टॉवेल धुऊन वापरून परत पाठवले, साबणाचा वास येत होता. वर्षभरात हातात काही उरलं नाही. त्यात जुन्या व्यापाऱ्याला कळलं, त्यानं फोन करून एवढंच विचारलं, ‘आता आमच्या गिऱ्हाइकाला तुम्हीच देणार का?’ आणि पुढच्या दोन ऑर्डरी आल्याच नाहीत. मामांना त्या महिन्यात झोप नव्हती.

तरी ते पेज आम्ही बंद केलं नाही. कारण पुण्याच्या एका नव्या पार्टीशी बोलताना मामांनी मोबाइल काढून दाखवला, बघा, गिऱ्हाईक या भावाला घेतंय, आणि पार्टी किलोमागं चार रुपये वर आली. थेट विक्री फारशी न होताही नुसती धमकी म्हणून ती कामाला येते, यावरही पेपर आहेत.

उलट उदाहरण माझ्या आत्तेबहिणीचं. ती शेंगा चटणी करते, फोनवर ऑर्डर, पैसे आधी, मग कुरिअर. तिच्या चटणीला जी चव आहे ती खाणाऱ्याला दुसरीकडची चालत नाही, म्हणून ती दुकानदाराच्या दारात जात नाही. धंदा आमच्या पावपटही नसेल, पण उधारी शून्य!

मोठ्या कंपन्यांत पण हेच चालतं, फक्त पात्रं बदलतात. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या मॅक्सफ्रेश टूथपेस्टचा पुरवठा थांबवला होता. त्यांचं म्हणणं, ऑनलाइन घाऊक ॲपना कंपनी जो भाव देते तोच आम्हाला द्या, नाहीतर किराणावाला आमच्याकडून कशाला घेईल. कंपनीला नवा रस्ता मिळाला की जुन्याची किंमत उतरते, आणि जुन्यांकडं उपाय एकच, सगळ्यांनी मिळून हात आखडायचा. एकट्यानं केलं असतं तर दुसरा वितरक नेमला असता.

कायद्यानं पारडं हलतं का, तर थोडं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या कायद्यात, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर उधारी नाही, करार नसेल तर १५ दिवस. आधी कोण विचारत नव्हतं, पण आयकर कायद्याचं ४३बी(एच) कलम आलं, २०२३-२४ च्या हिशोबापासून, की माल घेणाऱ्यानं मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत त्याला आयकरात त्या खर्चाची वजावट नाही, तेव्हा फोन यायला लागले. काहींनी खरंच पैसे दिले. एका पार्टीनं मात्र सरळ सांगितलं, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, तिच्यामुळंच हा नियम लागतो) काढून टाका, नाहीतर आम्ही दुसरीकडं बघतो.

मामांनी काढलं नाही. ती पार्टी गेली, आठ महिन्यांनी परत आली, आणि पहिलाच प्रश्न होता, पानिपतचा रेट माहितीय का?