डुप्ले हे आडनाव कशावरून आले आणि आज ते फ्रान्समध्ये किती आढळते?

आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘डुप्ले’ छापलेले असले, तरी फ्रेंच माणूस हे नाव ‘द्युप्लेक्स’ असे उच्चारतो; पॅरिस मेट्रोच्या ६ क्रमांकाच्या मार्गावर याच नावाचे स्थानक आहे. १७४२ ते १७५४ या काळात पाँडिचेरीचा गव्हर्नर असलेल्या जोझेफ फ्रान्स्वा द्युप्लेक्समुळे हे आडनाव आपल्याला परिचित झाले.

‘द्यु’ म्हणजे ‘-चा’ आणि ‘प्लेक्स’ म्हणजे विणलेल्या कुंपणाची जागा. मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘विणणे, गुंफणे’. झुडपाचे खोड बुंध्याशी अर्धवट कापायचे, ते जिवंत ठेवूनच आडवे वाकवायचे आणि खुंटांमधून विणत न्यायचे, अशा वईने वेढलेल्या वस्तीत राहणाऱ्याला हे नाव मिळाले. आपल्याकडील ‘-कर’ आडनावांशी त्याची घडण किती जवळची आहे!

आज हे आडनाव दुर्मीळ आहे, आणि मला त्याचे मुख्य कारण लेखनभेदात दिसते. एकाच अर्थाची द्युप्लेसी, द्युप्ले अशी रूपे प्रांतोप्रांती रूढ झाली. १७९४ च्या कायद्याने जन्मनोंदीतील नावच वापरण्याचे बंधन घातल्यावर ती वेगवेगळी आडनावे म्हणून टिकली. शिवाय २००५ पर्यंत विवाहित दांपत्याच्या मुलांना वडिलांचेच आडनाव मिळत असल्यामुळे, ज्या घरात फक्त मुली झाल्या तेथे मूठभर कुटुंबांचे नाव सहज लोपत असे. नेमका आकडा हवा असल्यास फ्रान्सच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेची, १८९१ पासूनच्या जन्मांवर आधारलेली आडनावांची यादी पाहावी, मात्र प्रत्येक लेखनरूप स्वतंत्रपणे शोधावे.