बारावी आर्ट्सला ५८ टक्के, इंटरमिजिएट ड्रॉईंग परीक्षेला बी ग्रेड, क्लास लावायला पैसे नाहीत. आर्ट कॉलेजची आशा ठेवू का सोडून देऊ?

आशा ठेव. पण जेजेच (मुंबईचं सर जे. जे. आर्ट कॉलेज) मिळेल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर तो क्लासवाला असणार हे पण लक्षात ठेव. (अगं-तुगं करतोय, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, चालेल ना.)

आधी टक्क्यांचं बघू. बीएफएला, म्हणजे आर्टच्या डिग्रीला, आमच्या वेळी ओपनला बारावी ४५ टक्के पुरायचे, कुठल्याही शाखेची बारावी चालायची आणि लिस्ट लागायची ती सीईटीच्या, म्हणजे प्रवेश परीक्षेच्या मार्कांवर. म्हणजे ५८ वाली आणि ८८ वाली एकाच रांगेत. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे मार्क दहावीत मिळतात तेवढेच, त्यामुळे बी का ए हे आता विसरून जा. यंदाचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाच, नियम बदलत राहतात, जेजे तर २०२३ ला अभिमत विद्यापीठ झालं. दुसऱ्याच्या व्हॉट्सॲपवर विसंबून राहू नको.

आता माझं सांगतो. मी बार्शीचा. २०१५ ला पहिल्यांदा सीईटी दिली आणि सपशेल आपटलो. घरच्यांनी कसेबसे पैसे जमवून पुण्यात दोन महिन्यांचा क्लास लावून दिलेला. तिथं काय शिकवलं तर आठ-दहा फिगर पाठ करायला लावल्या. डोक्यावर हंडा घेतलेली बाई, पाठमोरा म्हातारा काठी टेकून, फुगेवाला, कडेवर पोर घेतलेली बाई. विषय कुठलाही येऊ दे, ह्याच फिगर मागेपुढे सरकवायच्या आणि मागे एक झाड टाकायचं. मेमरी ड्रॉईंगचा, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवून चित्र काढायचा पेपर सुरू झाला आणि सहज शेजारी नजर गेली तर त्या पोराच्या कागदावर पण तीच हंडेवाली बाई, त्याच्या पलीकडच्या पोरीकडं पण तीच. तपासणाऱ्यांच्या पुढं त्या दिवशी किती हंडे आले असतील देव जाणे.

पण मला खरं आडवं पाडलं ते ऑब्जेक्ट ड्रॉईंगनं (समोर मांडलेल्या वस्तू बघून काढायच्या), आणि तोच माझा पक्का पेपर आहे असं मी समजत होतो. स्टीलची बादली, तिच्यावर टाकलेला टॉवेल, खाली दोन वांगी. शेडिंग असं घोटलं होतं की बादली चकाकत होती. बाहेर आलो तो खुशीतच. घरी येऊन आमच्या शाळेच्या ड्रॉईंगच्या सरांना तीच मांडणी आठवून काढून दाखवली, तर सरांनी शेडिंगकडं बघितलं पण नाही. म्हणाले, तोंड गोल आणि तळ सपाट, ही बादली टेबलावर उभी कशी राहणार?

मग ते आमच्या स्वयंपाकघरात आले आणि आईच्या डब्यांच्या मांडणीपुढं मला उभं केलं. डोळ्यासमोरच्या फळीवर जो डबा आहे त्याचं झाकण नुसती रेघ दिसते. त्याच्या खालच्या फळीवरच्या डब्याचं झाकण जरा लंबगोल दिसतं, आणि सगळ्यात खाली पिठाचा डबा आहे त्याचं झाकण जवळजवळ पूर्ण गोल दिसतं. म्हणजे नजरेच्या खाली ठेवलेल्या बादलीचा तळ तिच्या तोंडापेक्षा जास्त गोलाकडं झुकलेला दिसला पाहिजे, आणि मी तो पट्टीनं आखल्यासारखा सपाट मारलेला. अठरा वर्षं रोज ते डबे बघत होतो. बघत म्हणजे काय, त्यातला लाडू काढत होतो.

तू लिहिलंयस की इन्स्टावर हिरोहिरोईनींची पोर्ट्रेट टाकते आणि लोक फोटोसारखं दिसतं म्हणतात. वाईट वाटून घेऊ नको पण त्याचा इथं फार उपयोग नाही. फोटोवरून काढताना अवघड काम कॅमेऱ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं, सगळं चपटं करून हातात दिलेलं असतं, आपण फक्त उतरवतो. सीईटीत समोर वस्तू असते नाहीतर काहीच नसतं.

त्या वर्षी मी गॅप घेतला. वडील दोन महिने बोलले नाहीत. रोज संध्याकाळी बार्शीच्या स्टँडवर जाऊन बसायचो, साधी फुलस्केप वही आणि पेन, पेन ह्यासाठी की खोडता येत नाही. कंडक्टर दाराला टेकून उभा असतो तेव्हा सगळं वजन एका पायावर असतं आणि त्या बाजूची कंबर वर जाते. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा माणूस चवड्यांवर उभा असतो, त्याचा शर्ट मागून बाहेर आलेला असतो. सुरुवातीला काढेपर्यंत बस निघून जायची. मग मी रेघा कमी केल्या. पाच-सहा वह्या भरल्या असतील. दुसऱ्या वर्षी मेमरीला किराणा दुकानाचा विषय आला, आणि दुकान तर मी एकदा पण काढलेलं नव्हतं, पण तो टेकलेला कंडक्टर उचलून काउंटरला टेकवला आणि रुमालवाला वरच्या फळीवरची बरणी काढायला लावला.

जेजे नाही मिळालं. पुण्यात अप्लाइड आर्टला (जाहिरात, छपाई असल्या कामाची चित्रकला) लागलो, आता पॅकेजिंग डिझाइन करतो आणि घर चालतं. जेजेचं वाईट वाटलं का तर हो, वाटलं, अजून सीएसएमटीला उतरलो की पाच मिनिटं आत चक्कर मारून येतो. तू पण त्यांचं वार्षिक प्रदर्शन असेल तेव्हा जा, पोरांचं काम भिंतीवर बघायला मिळतं, दोन महिन्यांच्या क्लासपेक्षा जास्त कळेल.

एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) आणि आयआयटीच्या यूसीडचं (तिथल्या डिझाइनच्या डिग्रीची प्रवेश परीक्षा) विचारलंयस. दोन्हीला कुठल्याही शाखेची बारावी चालते पण तो खेळ वेगळा आहे. यूसीडमध्ये पार्ट ए कॉम्प्युटरवर, तिथं आकृत्या फिरवा, लॉजिक लावा असले प्रश्न, आणि त्यात कटऑफ पार केला तरच तुझं ड्रॉईंग तपासतात. पेपर इंग्रजीत. आणि अटेम्प्ट दोनच, ते पण लागोपाठच्या वर्षी, त्यामुळे बघू तरी कसं असतं म्हणून अटेम्प्ट वाया घालवू नको. फी लाखांत जाते हे घरी आधीच सांग.

बाबा म्हणतात चित्रं काढून पोट भरत नाही, त्यांना दोन गोष्टी सांग. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १८८५ ला जेजेत दाखल झाले होते. आणि बाबांच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जो मंगल फॉन्ट दिसतो तो र. कृ. जोशींनी केलाय, जेजेत आणि नंतर पवईला आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात शिकवायचे ते. अक्षराचं वळण हे पण चित्रच आहे आणि त्याचे पैसे मिळतात. माझे वडील पटले ते ह्यानं नाही म्हणा, पहिल्या पगारानं पटले.

क्लासचे ६० हजार अजिबात देऊ नको. जुने पेपर मिळव, घड्याळ लावून सोडव, आणि शाळेतल्या ड्रॉईंगच्या सरांना गाठ, ते फुकट बघतील, बहुतेक चहा पण पाजतील.

आणि हो, रिझर्व्हेशनमधून भरणार असशील तर जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर आत्ताच सेतूत टाक. माझ्या बरोबरच्या एका पोराचा नंबर चांगला लागला होता, दाखला चार दिवस उशिरा आला.