बहीण नेल स्टुडिओत कामाला आहे, वासानं तिचं डोकं दुखतं. हा वास खरंच अपायकारक असतो का?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत. सांगलीत नेल स्टुडिओंचं पेव फुटलंय ही एक. दुसरी म्हणजे तुमची बहीण विश्रामबागला अशाच एका स्टुडिओत आठ महिने काम करते, संध्याकाळी डोकं धरून घरी येते आणि मालकीण म्हणते, ‘सवय होईल.’ हे वासामुळे की मनाचे खेळ, असं तुम्ही विचारलंय.

मी पार्लरवाला नाही. मी कवळ्या बनवतो. सांगलीतल्या डेंटल लॅबमध्ये २६ वर्षं झाली. तरी लिहितोय, कारण तुमच्या बहिणीच्या टेबलावरची बाटली आणि माझ्या टेबलावरची बाटली सख्ख्या नसल्या तरी चुलत बहिणी आहेत.

हे मला कळलं भाचीच्या लग्नात. ‘मामा, अर्ध्या तासात होतंय’ म्हणून ती मला शंभर फुटी रोडवरच्या एका स्टुडिओत घेऊन गेली. लागले अडीच तास. काचेचं दार ढकललं आणि पहिल्याच श्वासाला वाटलं, आपण लॅबमध्येच आलो. समोरच्या पोरीनं काचेच्या इवल्याशा वाटीत लिक्विड ओतलं, ब्रश बुडवला, पावडरीला टेकवला. ब्रशच्या टोकाला साबुदाण्याएवढा ओला मणी धरला. तो तिनं नखावर ठेवला आणि ब्रशच्या पोटानं पसरवला. असं कृत्रिम नख घडतं. ती वाटी म्हणजे आमची डॅपन डिश, कोल्ड क्युअरचं, म्हणजे न शिजवता घट्ट होणारं, दुरुस्तीचं मटेरियल आम्ही त्यातच कालवतो. मी विचारलं, ‘ताई, लिक्विड कुठलं?’ ती म्हणाली, ‘मुंबईवरनं कॅन येतोय की.’ बाटलीवर लेबल नव्हतं.

कवळीच्या लिक्विडचं नाव मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए. नखांसाठी चांगल्या कंपन्या वापरतात ते इथाइल मेथाक्रिलेट, ईएमए. एमएमए बरंच स्वस्त पडतं, म्हणून स्वस्तातल्या कामात ते घुसतं. अमेरिकेत १९७० च्या दशकातच एफडीएनं, म्हणजे औषधं-प्रसाधनांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, निव्वळ एमएमएवाल्या नखांच्या उत्पादनांवर कारवाई केली होती, कारण बायकांची नखं वेडीवाकडी होत होती, बोटांना इसब उठत होता. कवळीला ते चालतं, कारण आम्ही ते शिजवून पूर्ण घट्ट करतो आणि मगच तोंडात जातं. नखावर ते ओलंच बसतं. ओळखायची खूण सांगतो : वास उग्र, नख दगडासारखं कडक, अ‍ॅसिटोनमध्ये कितीही बुडवलं तरी सहज सुटत नाही. असं नख दारात अडकलं तर ते तुटत नाही, खालचं खरं नख उपटून येतं.

आता वासाचं. इथं बहुतेकांची गल्लत होते. एमएमएचा वास अगदी थोड्या वाफेलाही येतो, अपाय व्हायच्या पातळीच्या कितीतरी आधी. म्हणजे वास आला की लगेच विष चढलं असं नाही. भाचीसारखी बाई वर्षातून दोनदा जाऊन आली तर वाफेनं तिला काही होण्याची भीती फार नाही. तुमच्या बहिणीचा हिशोब वेगळा आहे. रोज नऊ-दहा तास, नाक वाटीपासून वीतभर अंतरावर. त्यात नुसतं लिक्विड नाही. पॉलिशमधलं इथाइल अ‍ॅसिटेट, काही स्वस्त पॉलिशमधलं टोल्युइन, रिमूव्हरचं अ‍ॅसिटोन, शिवाय कानशीनं घासताना उडणारी भुकटी. डोकं जड होणं, गरगरणं, डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं ही सगळी सॉल्व्हंटच्या वाफेची ओळखीची लक्षणं आहेत. एक साधी परीक्षा करा. सुट्टीच्या दिवशी दुखतं का? सुट्टीला बरं आणि कामावर गेलं की पुन्हा, असं असेल तर मनाचे खेळ वगैरे काही नाही.

‘सवय होईल’ हे अर्धं खरं आहे. नाकाला सवय होते, अर्ध्या तासात वास येईनासाच होतो. फुप्फुसाला आणि कातडीला अशी सवय नसते. उलट कातडीचं अगदी विरुद्ध घडतं. मी सुरुवातीची सात-आठ वर्षं मोनोमर, म्हणजे हेच लिक्विड, उघड्या बोटांनी हाताळला. लॅबचे मालक म्हणायचे, ‘अरे वासाला काय होतंय, पोटाला खा म्हणजे झालं.’ मग एका पावसाळ्यात उजव्या हाताची तीन बोटं टोकाला सोलली, भेगा पडल्या, शर्टाचं बटण लावताना ते हाताला लागेना. मिरजेला त्वचारोगाच्या डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्ट केली, अ‍ॅक्रिलेटची, म्हणजे या लिक्विडच्या घराण्याचीच अ‍ॅलर्जी निघाली. ती एकदा जडली की जात नाही. नंतर दातात सिमेंट भरायचं किंवा सांध्याच्या ऑपरेशनला बोन सिमेंट वापरायचं झालं तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, कारण तेही याच घराण्यातले.

म्हणून मला उग्र वासापेक्षा बिनवासाच्या जेलची काळजी जास्त वाटते. जेल पॉलिशला फारसा वास नाही, लोकांना वाटतं निर्धोक. त्यात बहुधा हेमा नावाचं मेथाक्रिलेट असतं, आणि हल्ली नखांमुळे होणाऱ्या अ‍ॅलर्जीत त्याचंच नाव पुढे असतं. जेल घट्ट होतं ते यूव्ही दिव्याखाली. हा दिवा कमजोर असला किंवा एका कंपनीचं जेल दुसऱ्याच दिव्याखाली धरलं तर वरून चकचकीत दिसतं, आत कच्चंच राहतं. ते कातडीला लागलं की झालं. जेल घट्ट करायला मदत करणारं टीपीओ नावाचं द्रव्य युरोपीय संघानं १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंद केलंय. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या किटमध्ये काय काय असतं, ते मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचली तरच कळतं, आणि ती छापलेली असतीलच असं नाही.

हवेचं सांगतो, कारण खरी मेख तिथं आहे. आपल्याकडचे गाळे दहा बाय बाराचे, पुढे काच, मागे भिंत आणि वर स्प्लिट एसी. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. आतलीच हवा गार करून परत तोंडावर मारतो. या वाफा हवेपेक्षा जड, त्या टेबलावर आणि खाली साचतात. तुम्ही पेव हा शब्द वापरलाय, तर हरिपूरच्या हळदीच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यांत, काम केलेल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आधी हवा खेळू द्यायची, मग कंदील सोडून बघायचा, तो विझला तर उतरायचं नाही. तिथला वायू वेगळा, पण कोंडलेली हवा दिसत नाही हे सांगलीकराला कुणी अमेरिकेतून शिकवायची गरज नव्हती.

छताजवळचा एक्झॉस्ट पंखा असून नसल्यासारखा, कारण तो टेबलावरची वाफ बहिणीच्या नाकावरूनच वर ओढतो. वाफ जिथं उठते तिथंच ओढून पाइपनं बाहेर टाकायला हवी. न्यूयॉर्क राज्यानं २०१६ मध्ये नेल सलूनसाठी नेमका हाच नियम केला. आपल्याला टेबलाच्या उंचीला भिंतीत भोक, छोटा पंखा आणि पाइप एवढ्यात बरंच साधतं. आमच्या लॅबमध्ये फॅब्रिकेशनवाल्याकडून हेच करून घेतलं, फार खर्च आला नाही. टेबलावर बसवायची डस्ट कलेक्टरची पेटी वाफेसाठी निरुपयोगी, ती फक्त भुकटी पकडते. मास्कचंही तेच. साधा मास्क वाफेला थोपवत नाही. भुकटीला एन-९५ चालतो, वाफेला कोळशाचा फिल्टर असलेलाच लागतो.

बाकी फुकटातल्या गोष्टी : वाटीत थोडंच लिक्विड घ्यायचं आणि झाकायचं, अ‍ॅसिटोनचा कापूस झाकणाच्या डब्यात टाकायचा, तो डबा दिवसातून दोन-तीनदा बाहेर रिकामा करायचा. हातमोजे नायट्रिलचे, लेटेक्सचे नकोत, आणि तेही लवकर लवकर बदलायचे, अ‍ॅक्रिलेट त्यातूनही पाझरतं. त्या स्टुडिओत काउंटरवर गणपतीपुढे उदबत्ती जळत होती आणि हातभर अंतरावर अ‍ॅसिटोनची लिटरची बाटली उघडी. ते बघून मी मात्र खुर्ची दाराकडे सरकवून बसलो.

नोकरी सोडायला सांगू नका, असं माझं मत. बारावीनंतर घरी बसलेल्या कितीतरी पोरी या कामामुळे स्वतःचे पैसे कमवायला लागल्यात. मालकीणही बहुधा कर्ज काढून बसलेली असणार, आणि दिवसभर तीच हवा तीही घेते. तिच्याशी भांडू नका. ‘तुमचंही डोकं दुखत असेल ना?’ इथून सुरुवात करा. बहिणीला दम लागत असेल, रात्री खोकला येत असेल किंवा बोटांच्या टोकांना खाज, भेगा दिसत असतील तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा आणि काम काय करते ते पहिल्यांदा सांगा, डॉक्टर आपणहून विचारतीलच असं नाही.

तिचं टेबल दाराजवळ आहे की आत भिंतीकडे, आणि मागची भिंत बाहेरच्या बोळात उघडते का, ते कमेंटमध्ये कळवा. पाइप कुठून काढता येईल ते सांगतो.